हात कुणी कुणाचा धरायचा?

सटाण्याच्या आमच्या घरात रेडिओ फुफीच्या मालकीचा होता. इतर कुणाला लावायचा असेल तर तिला विचारून लावावा लागे. फुफी म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. स्वातंत्र्याच्या आधी, तिसऱ्या वर्षी तिला देवी आल्या. देवी गेल्या, पण जाताना तिचे दोन्ही डोळे घेऊन गेल्या. त्यानंतरचं तिचं सगळं आयुष्य ओटा, स्वयंपाकघर आणि मागचं अंगण एवढ्यातच गेलं. गव्हातला खडा तिच्या बोटांतून कधी सुटला नाही. पावलांच्या आवाजावरून कोण आलं ते ती सांगायची. आणि रेडिओवर बाजारभावापासून भाषणांपर्यंत सगळं ऐकायची. आज याच माध्यमातून बोलताना तिची आठवण झाली ती उगाच नाही. रेडिओपुढे बसलं की डोळस आणि आंधळा असा फरक राहत नाही. दोघांनाही कानांनीच पाहावं लागतं.

लहानपणी मी फुफीची काठी होतो. 'आंधळ्याची काठी' हा वाक्प्रचार पुस्तकात वाचण्याआधीच मी तो अंगावर घेतला होता. नऊ-दहा वर्षांचा असेन. उरुसाला, नातलगांकडे, कधी आठवडे बाजाराला तिला न्यायचं काम माझं. मी तिचं मनगट पकडायचो आणि पुढे चालायचो. खरं सांगायचं तर ओढायचो. एकदा बाजारात शाळेतली मुलं भेटली. त्यांनी हाक मारली, चिडवलं. मी फुफीला एका भिंतीपाशी उभं केलं, "इथंच थांब" म्हणालो आणि पळालो. गोट्यांचा डाव रंगला. परत आलो तेव्हा ऊन भिंतीवरून उतरलं होतं. फुफी त्याच जागी, भिंतीला पाठ लावून उभी होती. समोरून कांद्याच्या गाड्या चालल्या होत्या. ती एकही पाऊल हलली नव्हती. तिनं हाकही मारली नव्हती. घरी तिनं कुणाला काही सांगितलं नाही. मीही नाही.

बाजारात साल्हेर-मुल्हेरकडची माणसं यायची. त्यांच्या बोलण्यातून साल्हेर किल्ला तिच्या कानावर गेला असावा. एका रात्री तिनं विचारलं, "सालेर कित्ता ऊंचा है रे?" मी हात वर करून दाखवला आणि मग लक्षात आलं की हात दाखवून उपयोग नाही. "खूप," म्हणालो. "तू लेके जाएगा?" मी म्हणालो, "मोठा झालो की नेईन." फुफी १९९८ साली गेली. तेव्हा मी पुरेसा मोठा झालो होतो.

अंध माणसांनी गटानं, सोबत्यांबरोबर डोंगर चढणं हा आजचा विषय. अलीकडे वर्तमानपत्रांत त्याचे फोटो दिसतात आणि वाटतं, हे काही तरी नवीन निघालं. तसं नाही. त्याला इतिहास आहे. तो पायांचा आहे तसाच हातांचाही आहे. कुणी कुणाचा हात धरायचा, या साध्या प्रश्नाभोवती तो फिरतो.

आपल्याकडे आंधळ्या माणसाला वाट अगदीच नव्हती असं नाही. पंढरीची वारी हा गटानं चालण्याचा केवढा मोठा संस्कार! तिथं आपण चुकलो तर गर्दी आपल्याला पोचवते, टाळ-मृदंग दिशा सांगतात. एकनाथांच्या भारुडांत आंधळा, बहिरा, मुका, पांगळा ही पात्रं येतात, ती रस्त्यावरची माणसं म्हणूनच. विदर्भातले गुलाबराव महाराज (१८८१ ते १९१५) तान्हेपणीच दृष्टीला मुकले. चौतीस वर्षांच्या आयुष्यात त्यांनी शंभरावर ग्रंथ सांगून लिहवले. लोक त्यांना प्रज्ञाचक्षू म्हणतात. आमच्या परंपरेत पैगंबरांचे एक सहकारी, अब्दुल्ला इब्न उम्म मक्तूम, अंध होते. मदिनेत पहाटेची अजान ते देत. उजाडलं की लोक त्यांना सांगत आणि मग ते पुकारत. कुराण मुखोद्गत केलेले अंध हाफिज तर आजही जागोजागी भेटतात.

पण हा मान बहुतेक वेळा कंठाला आणि बुद्धीला मिळाला. आंधळ्यानं गावं, सांगावं, पाठ म्हणावं. त्यानं हवं तिथं जावं, असं कुणी म्हटलं नाही. इजिप्तचे थोर लेखक ताहा हुसेन (१८८९ ते १९७३) लहानपणीच अंध झाले. त्यांचं आत्मकथन 'अल-अय्याम' सुरू होतं ते घरासमोरच्या एका कुंपणाच्या आठवणीनं. त्या पोराच्या लेखी जग त्या कुंपणाशी संपत होतं. ते वाचताना मला आमचा ओटा आठवला. आपल्या म्हणी पाहा. आंधळा मागतो एक डोळा. आंधळं दळतं, कुत्रं पीठ खातं. म्हणींमधला आंधळा मागतो, दळतो, फसतो. तो कुठं जात मात्र नाही.

गेला तो एक इंग्रज. जेम्स होल्मन, १७८६ सालचा जन्म, ब्रिटिश आरमारातला अधिकारी. पंचविशीत दृष्टी गेली. पेन्शनीवर गप्प बसून राहायचं, तर हा गृहस्थ जगभर फिरत सुटला, तोही पुष्कळदा एकटा. हातात लोखंडी टोकाची काठी. ती दगडावर आपटायची आणि येणाऱ्या आवाजावरून समोर भिंत आहे की मोकळं, याचा अंदाज घ्यायचा. घोडागाडीत बसून कंटाळा आला की गाडीला दोरी बांधून, ती धरून तो मागं चालत राही. १८२१ साली व्हेसुव्हियस ज्वालामुखी धगधगत असताना तो वर जाऊन आला. सायबेरियात तर झारच्या माणसांनी त्याला अडवून हद्दीबाहेर काढलं, कारण त्यांना तो हेर वाटला. आंधळा माणूस पाहण्याजोगं काही नसताना एवढ्या लांब कशाला येईल, असा त्यांचा हिशेब! पुढच्या प्रवासात तो हिंदुस्थानातही येऊन गेला. प्रवासवर्णनाचे त्याचे ग्रंथ त्या काळी खूप वाचले गेले.

दुसरा माणूस अमेरिकेतला. फ्रान्सिस जोसेफ कॅम्बेल. लहानपणी डोळ्यात काटा जाऊन त्याची दृष्टी गेली. तो संगीत शिकला, शिक्षक झाला आणि १८७२ साली लंडनच्या नॉर्वुड भागात त्यानं अंधांसाठी महाविद्यालय उभं केलं. त्याचा आग्रह असा, की अंध विद्यार्थ्यानं आधी शरीर कमवावं. त्याच्या संस्थेत मुलं पोहायची, बर्फावर घसरायची, सायकली चालवायची. १८८० साली हा कॅम्बेल आपल्या मुलाला आणि वाटाड्यांना बरोबर घेऊन युरोपातल्या माँ ब्लाँ शिखरावर चढला. गिर्यारोहणाच्या इतिहासात या चढाईला ओळभर जागा मिळते. माझ्या मते तिला जास्त मिळायला हवी, कारण कॅम्बेल होल्मनसारखा एकटा वीर नव्हता. तो शिक्षक होता. आपण चढलो म्हणजे आपली मुलं चढू शकतात, हे त्याला दाखवायचं होतं.

यानंतरचं मोठं पाऊल काठीचं. काठी जुनीच, पण पांढरी काठी विसाव्या शतकातली. १९२१ साली ब्रिस्टलच्या जेम्स बिग्ज या छायाचित्रकाराची दृष्टी अपघातात गेली. रस्त्यावरच्या मोटारींना आपण दिसावं म्हणून त्यानं आपली काठी पांढरी रंगवली. १९३१ साली पॅरिसमध्ये गिली द'एर्बमाँ या बाईंनी पांढऱ्या काठ्यांची मोहीम सुरू केली. तरीही ही काठी मुख्यतः दुसऱ्यांना इशारा देणारी होती. तिला वाचायला शिकवलं ते दुसऱ्या महायुद्धानं. लढाईत डोळे गमावलेले तरुण सैनिक अमेरिकेतल्या व्हॅली फोर्ज लष्करी इस्पितळात येऊ लागले. तिथं १९४४ साली रिचर्ड हूव्हर यांनी लांब काठीचं तंत्र बसवलं. काठी छातीपर्यंत लांब, वजनाला हलकी. ती पुढे धरून डावी-उजवीकडे झुलवायची. डावं पाऊल पडेल तेव्हा काठीचं टोक उजवीकडे, म्हणजे पुढचं पाऊल जिथं पडणार ती जागा आधी तपासली जाते. याच काळात सोबत्यानं कसं चालावं याचेही नियम पक्के होत गेले आणि ते जगभर पोचले.

त्यातला पहिला नियम ऐका. डोळस माणसानं आंधळ्याचा हात धरायचा नाही. आपलं कोपर पुढे करायचं. आंधळा माणूस कोपराच्या जरा वर धरील आणि अर्धं पाऊल मागं राहून चालेल. म्हणजे सोबती वळला, चढला, थांबला की त्याच्या हाताला ते आपोआप कळतं. नको वाटलं तर तो हात सोडू शकतो. धरणारा तो असतो, धरला गेलेला नसतो. मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे फुफीचं मनगट आलं.

आता आपल्याकडचं पाहू. हिंदुस्थानातली अंधांची पहिली शाळा १८८७ साली अमृतसरला अ‍ॅनी शार्प या मिशनरी बाईंनी काढली. आपल्या प्रांतात हे काम सुरू झालं ते दुष्काळाच्या वर्षी. आजोबा-पणजोबांच्या तोंडी 'छप्पन्नचा दुष्काळ' म्हणून जो येतो, तो १८९९-१९००चा. त्याच १९०० साली मुंबईत अमेरिकन मराठी मिशनच्या अ‍ॅना मिलार्ड यांनी अंध मुलांसाठी शाळा काढली. तीच पुढे दादरची अंधशाळा. १९०२ साली ताडदेवला व्हिक्टोरिया मेमोरियल शाळा आली. लाहोरचे डॉक्टर मेहता यांनी आपल्या पाच वर्षांच्याही आतल्या अंध मुलाला दूर मुंबईला पाठवलं ते याच दादरच्या शाळेत. हा मुलगा म्हणजे पुढे अमेरिकेत नाव कमावलेले लेखक वेद मेहता. ते काठी न घेता, चेहऱ्यावर जाणवणाऱ्या हवेच्या आणि आवाजाच्या बदलावर चालत. १९५१ साली भारतीय भाषांसाठी एकच भारती ब्रेल ठरली. १९५२ साली मुंबईत 'नॅब', म्हणजे राष्ट्रीय अंध संस्था सुरू झाली. आमच्या नाशिकलाही तिचं काम आहे.

या शाळांनी वेतकाम, विणकाम, संगीत, ब्रेल दिलं. पोट भरण्याची सोय आधी, हे बरोबरच होतं. तोवर आंधळेपणाची कारणंही बदलत होती. १९७५ साली देवीचा रोग देशातून गेला. 'अ' जीवनसत्त्वाचे डोस मुलांना मिळू लागले. १९७६ साली अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम आला आणि मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया गावोगाव होऊ लागल्या. फुफीसारखी देवीनं आंधळी झालेली पिढी आता शेवटच्या वळणावर आहे. पण आंधळेपण गेलं नाही. काचबिंदू आहे, पडद्याचे आजार आहेत, मधुमेह आहे. माणूस तिशी-चाळिशीत दृष्टी गमावतो. अशा माणसानं जग पाहिलेलं असतं, त्यामुळे घरात बसणं त्याला अधिकच जाचतं.

२५ मे २००१ रोजी अमेरिकेचा एरिक वाइहेनमायर एव्हरेस्टवर पोचला. तिथं पोचलेला तो पहिला अंध माणूस. पुढे चालणाऱ्या सोबत्याच्या पाठीशी छोटी घंटा बांधलेली असे आणि तिच्या नादावर तो पावलं टाकी. बैलाच्या गळ्यातल्या घुंगरावर अंधारात वाट काढणाऱ्या आपल्या गाडीवानाला हे सांगितलं असतं, तर त्याला त्यात नवल वाटलं नसतं!

मला याहून मोलाची वाटते ती त्यानंतरची एक मोहीम. साब्रिये टेनबेर्केन ही जर्मनीची अंध बाई. तिनं तिबेटी भाषेसाठी ब्रेल तयार केली आणि १९९८ साली ल्हासामध्ये अंध मुलांची शाळा काढली. तिथल्या मुलांना घरच्यांनी अंधारात ठेवलं होतं, मागच्या जन्मीचं पाप म्हणून. तिनं एरिकला पत्र लिहिलं. २००४ साली एरिक आणि त्याचे मित्र सहा अंध मुलांना घेऊन एव्हरेस्टच्या शेजारच्या ल्हाक्पा री या ७,०४५ मीटर उंचीच्या शिखराकडे निघाले. वाटेत वाद झाला. गिर्यारोहकांना वाटे, शिखर गाठलं तर या मुलांचा आत्मविश्वास वाढेल. साब्रियेला वाटे, मुलांना शिखराचं काय? त्यांना एकमेकांबरोबर चालायचं आहे, गप्पा मारायच्या आहेत. मुलं दमली, काहींची डोकी दुखू लागली. शेवटी शिखर न गाठता तुकडी परतली. 'ब्लाइंडसाइट' हा २००६चा माहितीपट या साऱ्याचा आहे. पुढे साब्रिये आणि तिचा जोडीदार पॉल क्रोनेनबर्ग यांनी केरळात, तिरुवनंतपुरमजवळ, 'कंथारी' नावाची संस्था सुरू केली. शिखर कुणासाठी, हा तिचा प्रश्न अंधांना डोंगरावर नेणाऱ्या प्रत्येकानं स्वतःला विचारावा असा आहे. फोटोसाठी की चालणाऱ्यासाठी?

आपल्याकडेही वाट रुंद होत आहे. पुण्याचे दिव्यांशु गणात्रा यांची दृष्टी एकोणिसाव्या वर्षी काचबिंदूनं गेली. २०१४ साली त्यांनी एकट्यानं पॅराग्लायडिंग केलं. असं करणारे ते देशातले पहिले अंध. मग त्यांनी संस्था काढली. तिचं सूत्र असं, की अपंग आणि धडधाकट यांनी एकत्र डोंगर चढावा, एकत्र सायकल चालवावी, म्हणजे दोघांची एकमेकांविषयीची भीती जाते. सिंहगड, कळसूबाई अशा वाटांवर अंध मुलामुलींना घेऊन जाणारे गट महाराष्ट्रात आता आहेत. सप्टेंबर २०२१मध्ये वेगवेगळी अपंगत्वं असलेले आठ जण सियाचिन हिमनदीवरच्या कुमार पोस्टपर्यंत, १५,६३२ फुटांवर पोचले. त्यात हिमाचलमधल्या किन्नौरची छोंझिन आंगमो ही अंध मुलगी होती. १९ मे २०२५ रोजी ती एव्हरेस्टवर पोचली, जगातली पहिली अंध स्त्री म्हणून. कायद्याच्या बाजूनं पाहिलं तर अपंगांच्या हक्कांचा संयुक्त राष्ट्रांचा करार भारतानं २००७ साली स्वीकारला. खेळ, करमणूक आणि मोकळा वेळ हाही हक्क आहे, असं त्यात म्हटलं आहे. त्यावर आधारलेला आपला कायदा २०१६चा. म्हणजे डोंगर चढायला मिळणं ही कुणाची मेहरबानी नाही.

हे सारं वाचून झालं होतं, पण अनुभव नव्हता. तो मिळाला आमच्याच बागलाणात. २०१७च्या जानेवारीत नाशिकहून दहा अंध स्त्री-पुरुषांचा एक गट साल्हेरला येणार होता. सोबतीला स्थानिक माणसं हवी होती. एका मित्रानं माझं नाव दिलं. मी घाबरत हो म्हटलं.

साल्हेर १,५६७ मीटर उंच. कळसूबाईच्या खालोखाल महाराष्ट्रातलं दुसरं उंच शिखर, आणि किल्ल्यांत सर्वांत उंच. जुलै २०२५मध्ये युनेस्कोनं मराठ्यांच्या ज्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यात साल्हेर आहे. शिवाजी महाराजांनी १६७१ साली तो घेतला. इखलासखान आणि बहलोलखान यांच्या मोगली फौजेनं त्याला वेढा घातला. मोरोपंत पिंगळे एका बाजूनं आणि प्रतापराव गुजर दुसऱ्या बाजूनं चालून आले आणि फेब्रुवारी १६७२मध्ये पायथ्याच्या मैदानात मोठी लढाई झाली. सूर्यराव काकडे इथंच पडले. सभासदाच्या बखरीत या युद्धाचं वर्णन आहे. चार प्रहर लढाई चालली आणि असा धुरळा उठला, की तीन कोसांच्या परिसरात आपला कोण आणि परका कोण हे दिसेना. शाळेत हे ऐकताना मला घोडे आणि तलवारी दिसायच्या. आता वाटतं, त्या दिवशी साल्हेरखाली हजारो माणसं कानांवर आणि हातांवर विसंबून लढली असतील.

आम्ही वाघांब्याच्या बाजूनं चढणार होतो. आदल्या रात्री गावात मुक्काम, नागलीची भाकरी आणि झणझणीत चटणी. प्रत्येक अंध माणसामागं एक सोबती, अवघड जागी मागं आणखी एक. पुढे वाघांब्याचा वाटाड्या. माझ्या वाट्याला आले ते नाशिकच्या एका शाळेत संगीत शिकवणारे सर. चाळिशीचे, किडकिडीत, हातात घडीची काठी. मी सवयीनं त्यांचं मनगट धरलं. त्यांनी ते अलगद सोडवून घेतलं आणि म्हणाले, "कविराज, तुम्ही मला धरू नका. मी तुम्हाला धरतो." माझ्या कोपराच्या वर त्यांचा हात आला. मी उगाचच ताठ झालो.

पहाट होत होती. पूर्वेला रंग भरत होते. माझ्यातला कवी जागा झाला आणि मी उपमा देऊ लागलो. दोन-तीन उपमा ऐकून सर म्हणाले, "कविता वर गेल्यावर. आत्ता पायरी किती उंच ते सांगा." मी गप्प झालो आणि कामाची भाषा शिकू लागलो. 'जरा सांभाळून' याला डोंगरात काही अर्थ नसतो. 'पुढे गुडघाभर पायरी, वर', 'डाव्या हाताला दरी, दोन हात लांब', 'सुटे खडे, चार पावलं', याला अर्थ असतो. अरुंद वाटेवर सोबत्यानं आपला हात पाठीमागं घ्यायचा. मागच्याला तेवढ्यानं कळतं, की आता एकामागं एक चालायचं. दरी आहे हे लपवायचं नाही आणि रंगवूनही सांगायचं नाही. आपण बाजूला जाणार असू, तर सांगून जायचं.

हे शेवटचं वाक्य वाटाड्यानं दुसऱ्या एका सोबत्याला सांगितलं होतं, मला नाही. तरी मान खाली गेली.

एक चूक मात्र माझ्या हातून झालीच. पायाखालचं सांगण्याच्या नादात वाटेवर आडवी आलेली फांदी सांगायची राहिली. सरांच्या कपाळावर ओरखडा उठला. मी माफी मागू लागलो. ते रुमालानं रक्त टिपत म्हणाले, "काठी खालचंच वाचते. वरचं तुम्ही वाचायचं." बस्स, एवढंच. पुन्हा कोपर धरलं आणि निघाले.

साल्हेर आणि सालोट्यामधल्या खिंडीत आम्ही पोचलो हे सरांना माझ्याआधी कळलं. "वारा दोन्हीकडून येतोय," ते म्हणाले. त्यापुढे कातळात खोदलेल्या पायऱ्या. इथं सगळ्यांनी काठ्या घडी घालून ठेवल्या आणि हातांनी वाचायला सुरुवात केली. एक कॉलेजची मुलगी पायरीच्या कडेवर बोटं फिरवत म्हणाली, "इथं छिन्नी आडवी चाललीय, आणि इथं उभी." मी त्या पायऱ्यांवरून आधी तीन-चार वेळा गेलो होतो. छिन्नीची दिशा कधी पाहिली नव्हती. दरवाजात शिरताच त्यांचे आवाज बदलले. सगळे एकदम मोठ्यानं बोलू लागले, दगड काय उत्तर देतो ते ऐकायला. गुहेत कुणी टाळी वाजवली, कुणी ओळ गुणगुणली. गुहा किती खोल असेल यावर पैजा लागल्या. गंगासागर तलावाच्या काठी मात्र सगळे गप्प बसले, पाण्यात हात घालून.

गटातल्या दोघी तलावापाशीच थांबल्या. दम लागला होता. कुणी त्यांना आग्रह केला नाही. वाटाडी पोरं त्यांच्यापाशी बसली. बाकीचे आम्ही परशुरामाच्या मंदिरापर्यंत, माथ्यावर गेलो. माथा लहानसा, चहूकडे उतार. परशुरामानं इथूनच बाण मारून समुद्र मागं हटवला, अशी कथा आहे. सर म्हणाले, "आता सांगा कविता." मला काही सुचेना. त्यांनीच विचारलं, "मांगी-तुंगी कुठं?" मी त्यांचा दंड धरायला हात पुढे केला, थांबलो आणि विचारलं, "हात धरू?" ते हसले. मी त्यांचा हात त्या जुळ्या सुळक्यांकडे वळवला. "आणि सालोटा?" तोही दाखवला. "मुल्हेर? मोरा?" असा त्यांचा हात वाऱ्याच्या दिशेनं, उन्हाच्या दिशेनं हळूहळू फिरत गेला. कुठलं शिखर किती बोटं उंच ते मी सांगत होतो आणि ते पुटपुटत पाठ करत होते. पुढे त्यांनी तो सारा मुलूख शाळेतल्या मुलांना टेबलावर मातीचे गोळे मांडून शिकवला, असं फोनवर सांगितलं.

उतरायला उशीर झाला. उतरण चढणीपेक्षा कठीण, कारण वजन पुढे जातं. शेवटच्या टप्प्यात अंधार पडला. माझ्याजवळ बॅटरी होती, तरी माझी चाल निम्म्यावर आली. सरांची सकाळी होती तीच राहिली.

त्या अंधारात, चेहरे दिसत नव्हते म्हणूनही असेल, मी सरांना फुफीची गोष्ट सांगितली. बाजारातली भिंत, कांद्याच्या गाड्या, साल्हेरचं वचन, सगळं. वाटलं होतं, ते काही तरी समजुतीचं बोलतील. त्यांनी विचारलं, "तुम्ही त्यांचा हात धरायचात, की त्या तुमचा?"

"मी तिचं मनगट धरायचो," मी म्हणालो.

"मग त्यांना उभं राहावंच लागणार. तुम्ही सुटलात की त्यांच्या हातात काय होतं?"

त्यांच्या आवाजात ठपका नव्हता. ते फक्त तंत्र सांगत होते. इतकी वर्षं मला वाटायचं, मी तिला सोडून पळालो हाच अपराध. पण तिच्या हातात काठी कुणीच दिली नव्हती. अब्बांनी नाही, दादीनं नाही. घरात तिच्यावर सगळ्यांची माया होती. पडेल, धडपडेल, लोक काय म्हणतील, म्हणून मायेनंच तिला ओट्यावर बसवलं होतं. हूव्हरचं तंत्र तिच्या लहानपणीच जगात आलं होतं. ते सटाण्याच्या आमच्या गल्लीत पोचलं नाही. आणि अशा किती गल्ल्यांत ते आजही पोचलेलं नाही!

वाघांब्याला चुली पेटलेल्या होत्या. गाडीत चढताना सरांनी माझं कोपर सोडलं, काठीनं पायरी चाचपली आणि आपले आपण आत जाऊन बसले. मग खिडकीतून म्हणाले, "पुढच्या खेपेला मुल्हेर. याल ना?"

मी लगेच हो म्हणालो. मोठा झालो की येईन, असं म्हणायची सोय आता नव्हती.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)